यादीत आहे, झाडात नाही

आत्या, फाइल उघडली.

हे वाक्य मी तुला गेल्या दोन वर्षांत तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते खोटं होतं. या वेळी खरं आहे, तर ऐकायला तू नाहीस. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. फाइल उघडली ती पाचव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून. शर्ट कशाला ते विचारू नकोस. आपल्या एवढ्या माणसांसमोर जायचं तर बनियनवर कसं जाणार, असं वाटलं.

आणि पहिल्याच पायरीवर घसरलो. फाइलच्या नावावर सरळ टिचकी मारली. ती साध्या मजकुराच्या पानात उघडली आणि पडद्यावर ओळीच ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शून्य, एक नाहीतर दोन. मग इंग्रजी अक्षरांचे तुकडे. जन्माला चार अक्षरं, मृत्यूलाही चारच. आणि मधूनच कुठे काशीनाथकाका, कुठे माझे वडील, जत्रेत हरवल्यासारखे. मला वाटलं, मोडलं. आत्याचं बारा वर्षांचं काम मी एका टिचकीत मोडलं.

मग तुझा ईमेल शोधून काढला. फाइलबरोबर तू सूचनाही पाठवल्या होत्यास हे मला त्या दिवशी कळलं. पहिली सूचना अशी: "आधी वंशावळीचं सॉफ्टवेअर उघड. मग त्याच्या आतून फाइल उघड. फाइलवर थेट टिचकी मारू नकोस. तू मारशील."

मी एकटाच मोठ्यांदा हसलो. मग शेवटची सूचना वाचली. "झाड बघून झालं की नावांच्या यादीत जा. यादीत ग बघ. मग मला फोन कर."

माझं हसणं तिथेच थांबलं. ग वर कोण असणार ते मला ठाऊक होतं.

तू हे सगळं का सुरू केलंस तेही मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. टेलिफोन ऑफिसातल्या तुझ्या मैत्रिणीने एकदा डब्याच्या सुट्टीत तिच्या घराण्याचा कुलवृत्तांत आणला होता. जाडजूड ग्रंथ, वर सोनेरी अक्षरं, आत पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं ओळीने उभी. तिने त्यात स्वतःचं नाव काढून दाखवलं. मग अगदी सहज, चांगल्या मनाने विचारलं, "तुमच्यात असतं का गं असं काही?" तू म्हणालीस, "लिहायचंय अजून." आणि डब्याचं झाकण लावलंस. हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही पोळी लाटता लाटता. पण त्या दिवशी पोळ्या जरा जास्तच पातळ झाल्या होत्या, एवढं मला आठवतं.

आपली माणसं लिहून ठेवावीत असं कोणाला कधी वाटलं नव्हतं. गावच्या जुन्या कागदांत आपण सापडलोच तर जातीने सापडायचो, नावाने क्वचित. तुझ्या आजोबांच्या मागे नुसतं धुकं. त्या धुक्यात तू निवृत्तीनंतर, साठीच्या बाईने, कर्वेनगरच्या दोन खोल्यांतून शिरायचं ठरवलंस. संगणक शिकलीस. सॉफ्टवेअर शिकलीस. एसटीने गावं पालथी घातलीस, शाळांचे जुने दाखले पाहिलेस, नव्वदीच्या बायकांच्या उशाशी बसलीस. आणि एक नियम केलास, की एक कागद, नाहीतर दोन तोंडं. म्हणजे झाडावर यायचं तर लेखी पुरावा पाहिजे, नाहीतर एकमेकांशी न बोललेली दोन माणसं पाहिजेत, जी तेच नाव सांगतील. तुझ्या सख्ख्या मामालासुद्धा तू दोन वर्षं झाडाखाली उभं ठेवलं होतंस, कारण दुसरं तोंड मिळत नव्हतं.

यावर आपला वाद होता. मी म्हणायचो, "आत्या, नुसत्या नावाला कोण विचारतं? माणसाची गोष्ट असली की माणूस राहतो." तू म्हणायचीस, "आधी माणूस असू दे, मग गोष्ट." मी म्हणायचो, "तू फारच सरकारी आहेस." तू म्हणायचीस, "आणि तू फारच सुटलेला आहेस." मग चहा व्हायचा. हा वाद आपण कधी संपवला नाही. दर वेळी चहा मध्ये यायचा.

तसं पाहिलं तर मला सोडलंस तूच. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा माइक माझ्या हातात दिलास तो तू. मी नऊ वर्षांचा होतो, भाषण विसरलो होतो, आणि विसरलोय हे कळू नये म्हणून मनाचं काहीतरी रचून बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर तू म्हणालीस, "छान बोललास. त्यातलं खरं किती?" पुढे मी निवेदक झालो, लग्नांत आणि बक्षीस समारंभांत बोलून घर चालवलं, ते त्या संध्याकाळच्या जिवावर. आणि दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तू मिटलेल्या डोळ्यांतला एक उघडून माझ्याकडे बघायचीस. माझी पन्नाशी उलटली तरी बघायचीस.

आता गेनूचं सांगतो. ते तुला माहीत आहे, हे मला आता माहीत आहे. तरी सांगतो, कारण मी सांगण्याचाच तर प्रश्न होता.

माझ्या चुलत बहिणीच्या, सुनंदाच्या मुलीचं लग्न. भंतेजी सिंहगड रोडच्या वाहतुकीत अडकलेले, हॉलमध्ये चारशे माणसं, मुलाकडचे घड्याळं बघायला लागलेले. सुनंदा घामाघूम होऊन माझ्याकडे आली. "मिल्या, अर्धा तास काढ रे कसा तरी." आणि मी गेनूला जन्म दिला. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ गेनू, पलटणीतला बिगुलवाला. एके दिवशी सकाळी परेडचा बिगुल वाजवायच्या ऐवजी याने जेवणाचा वाजवला, कारण याला भूक लागली होती. सगळी पलटण ताटं घेऊन बसली. गोरा साहेब घोड्यावरून आला तर मैदान रिकामं आणि आमटीचा वास. साहेबाने विचारलं, बिगुल कोणी वाजवला? गेनू पुढे झाला, म्हणाला, मी वाजवला, पण ऐकून बसले हे.

चारशे माणसं हसली. भंतेजी आले तेव्हा गेनू पेन्शन घेऊन, बिगुल काखेत मारून पुण्याला परतत होता.

जेवणाच्या रांगेत तू मला गाठलंस. हातात ताट, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी. "मिल्या, हा गेनू कोण? तुला कोणी सांगितलं?"

इथे थांबता आलं असतं. 'कोणी नाही गं, आत्ताच रचला,' एवढंच म्हणायचं होतं. पण तू म्हणालीस, "आपला माणूस पलटणीत होता?" आणि तो 'आपला' तू असा उच्चारलास की मला तो काढून घेववेना. मी म्हणालो, "आजोबांनी सांगितलं होतं मला. लहानपणी." आजोबा, म्हणजे तुझे दादा, वारलेले. म्हणजे एक तोंड, ज्याला उलट विचारता येणार नाही. काय हुशारी, बघ. बोलता बोलता तुझ्याच नियमातलं भोक मी शोधलं.

मला वाटलं होतं आठवड्यात विसरशील. मला वाटलं होतं, हे म्हणायलाही मला लाज वाटते. बारा वर्षांत तू काय विसरली होतीस?

तू लष्कराच्या दफ्तराला अर्ज केलास. उत्तर आलं, असं नाव आढळत नाही. तू पुन्हा अर्ज केलास, नावाची चार वेगवेगळी रूपं लिहून. मला फोन करून विचारायचीस, "पलटण कुठली म्हणाले होते आजोबा?" आणि मी, आत्या, मी विचार करून सांगायचो. थांबून, आठवल्यासारखं करून. एकदा तर म्हणालो, "बिगुलाला एक पोचा होता म्हणे." तू तो पोचा लिहून घेतलास. पेनचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

तर त्या दुपारी यादीत ग वर गेलो. गंगाराम. गंगूबाई. गेनू.

पण आधी मी झाडात बघून आलो होतो, हेही कबूल करतो. सॉफ्टवेअरमध्ये झाड एका माणसापासून फुटतं आणि नात्यानात्याने वर चढतं, खाली उतरतं. मी स्वतःपासून निघालो, वडिलांवरून तुझ्या आजोबांपर्यंत गेलो. शेजारच्या फांदीवर भावाची जागा मोकळी होती. गेनू नाही. मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, आत्याने घेतलाच नाही त्याला, सुटलो. पण ज्याला आईबाप नाहीत, बायको नाही, मूल नाही, असा माणूस झाडात दिसतच नाही. तो नुसता यादीत असतो, कशालाही न चिकटलेला. तू त्याला तसाच ठेवला होतास. झाडाच्या बाहेर, बिगुल घेऊन उभा. त्याच्या नावाखाली तुझी टीप होती. ती इथे उतरवतो, एकही अक्षर न बदलता. माझ्या हातून असं क्वचितच होतं.

"पहिलं तोंड: मिलिंद. त्याला दादांनी सांगितलं म्हणतो.

"दुसरं तोंड: काशीनाथ, धायरीला त्याच्या घरी. म्हणाला, हाय की, गेनूतात्या, बिगुल वाजवायचा. विचारलं, तू पाहिलंस? म्हणाला, म्या कुठनं बघणार? ऐकलंय. कुणाकडून? आपल्या मिल्याकडनं. लग्नात काय रंगवलं त्येनं.

"तिसरं तोंड: सुनंदा. मिलिंदकडून, त्याच लग्नात.

"अशा सात जणांना विचारलं. सगळे रस्ते मिलिंदच्या तोंडापाशी येतात. हा माणूस त्याने रचलेला आहे. काढून टाकणार होते. पण ते काम त्याचं आहे. त्याने मला सांगितलं की काढायचा."

ही टीप लिहिलीस त्याच आठवड्यात तू फाइल मला पहिल्यांदा पाठवली होतीस. तारखा बघितल्या मी. मी चार मिनिटांत उत्तर दिलं होतं, "वा आत्या, अप्रतिम काम, एका बैठकीत सगळी बघितली." चार मिनिटांत. तू ते वाचून काय केलं असशील, याचा विचार मी रोज करतो. बहुधा चष्मा पुसला असशील.

दुसऱ्यांदा पाठवलीस. तिसऱ्यांदा पाठवलीस, आणि फोन केलास.

"पाहिलीस?"

"पाहिली की."

"सगळी?"

"सगळी गं."

"यादी?"

"यादी, झाड, फांद्या, पानं. सगळं."

"मग काही बोलायचंय का तुला?"

"बोलायचं काय, पुस्तक काढू आपण याचं. प्रकाशनाचं निवेदन मी फुकट करतो."

"बरं," तू म्हणालीस. आपल्याकडच्या 'बरं'चे किती अर्थ असतात यावर मी कार्यक्रमात दहा मिनिटं घेतो, लोक पोट धरून हसतात. त्या एका 'बरं'चा अर्थ मात्र मला कळला नाही.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात, सकाळच्या वेळी. नाकात नळी, उशाशी मोसंबी. तू म्हणालीस, "मिल्या, काही सांगायचं राहिलंय का?" मला वाटलं तुला करमत नाही, गोष्ट हवी आहे. आणि मी काय केलं असेल? तोंडाने बिगुल वाजवून दाखवला. जेवणाचा. शेजारच्या कॉटवरच्या बाई हसल्या, सिस्टर हसली. तूही हसलीस, हे तर मला सोसवत नाही. मग खोकला आला. खोकला थांबल्यावर माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "थकत नाहीस का रे?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी काय थकायचं." आणि निघालो, कारण एका साखरपुड्याला बोलायचं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जमले. तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढरे कपडे. पंचशील सुरू झालं. चौथ्याला मी डोळे उघडले, सवयीने. फोटोत तुझे दोन्ही डोळे उघडे आहेत, पण तो फोटो ऑफिसच्या ओळखपत्रातला, त्यातली तू तिसरीकडेच कुठेतरी बघते आहेस.

मग चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी तुझी टीप लिहून नेली होती. उभा राहिलो आणि बघतो तर लोक आधीच सैलावून बसलेले, ओठांच्या कडा वर. मिल्या बोलणार. मी म्हणालो, "गेनू नावाचा कोणी माणूस आपल्या घरात झाला नाही. तो मी रचला. आत्याने त्याला दोन महिने शोधलं आणि मी तिला शोधू दिलं."

मागून काशीनाथकाका म्हणाले, "आज म्हनतोय गेनू न्हवता. उद्या म्हनंल म्या बी न्हवतो."

सगळे हसले, आत्या. रडता रडता, डोळे पुसत पुसत. मी म्हणालो, खरंच सांगतोय. ते आणखी हसले. उतरलो तर सुनंदाने माझा खांदा थोपटला. म्हणाली, "छान बोललास. पण असं म्हणू नकोस रे. गेनूतात्यांचं माझ्या आईने मला लहानपणीच सांगितलं होतं. बिगुलाला पोचा होता."

पोचा मी फक्त तुला सांगितला होता. म्हणजे तिने तो तुझ्याकडून ऐकला असणार, तू चौकशी करत फिरलीस तेव्हा. आता तिला ते आईचं वाटतं, आणि तिची आई नाही. असं एक तोंड तयार झालं जे माझ्यापाशी येत नाही. तुझी तपासणी अशी उलटी फिरली, आणि ती पुन्हा सरळ करायला तू नाहीस. आयुष्यभर खोटं बोललो आणि लोकांनी विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो तर म्हणाले, छान रंगवलंस.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हा लेख थोडा बरा लिहिला असता. थोडं हसवलं असतं. पण झाडावर आणखी एक चौकट आहे.

तुझ्या आजोबांची आई. गेनू खरा असता तर त्याचीही तीच आई. त्या चौकटीत नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे, आणि तिच्या नावाच्या जागी "माहीत नाही". बारा वर्षांत इतक्या बायकांची माहेरची नावं तू शोधलीस, सासरी बदललेली शोधलीस, ही एक राहिली. कशी राहिली ते मी कधी विचारलं नाही. त्या चौकटीवर टिचकी मारली तर तुझी टीप उघडली.

"गावी सारजाबाईंना नाव माहीत आहे असं कळलं. वय नव्वदच्या पुढे. दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं. गेनूच्या अर्जांत आणि चौकशीत दोन महिने गेले. पोचले तेव्हा त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. आता सांगणारं कोणी नाही."

एवढंच. कोणाला दोष नाही, माझं नाव नाही. मला वाटतं ते तू मुद्दाम लिहिलं नाहीस.

जो नव्हता त्याला मी नाव दिलं, हुद्दा दिला, बिगुल दिला, बिगुलाला पोचा दिला. आणि जी होती, जिने आपल्या सगळ्यांना जन्म दिला, तिचं नाव मी घालवलं. तुझ्या हातून ते आठ दिवसांनी हुकलं, आणि ते आठ दिवस माझ्याकडून गेले. तू मला हे तोंडावर सांगू शकली असतीस. एकदा ओरडली असतीस तरी चाललं असतं. त्याऐवजी तू फाइल पाठवत राहिलीस, आणि मी उघडली असं म्हणत राहिलो.

आज दुपारी पुन्हा बसलो. आज घरातलाच शर्ट होता. तुझी अट वाचली. त्याने मला सांगितलं की काढायचा. सगळ्यांना सांगून झालं, ते धरायचं नाही. तुला सांगायचं होतं. म्हणून सांगतो, आवाज न बदलता, हातवारे न करता.

आत्या, गेनू मी रचला. आजोबांनी मला काही सांगितलं नव्हतं.

गेनूच्या नावावर गेलो, काढा म्हटलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. यादीत त्याच्या जागी खालची गोदावरी सरकून वर आली. झाडात काहीच हललं नाही. तिथे तो कधी नव्हताच, ती काळजी तू घेतली होतीस.

मग मी त्या दुसऱ्या चौकटीत गेलो. नावाच्या जागेवर टिचकी मारली तर "माहीत नाही" हे शब्द निळे झाले, आणि माझ्या लक्षात आलं की आता कुठलंही अक्षर दाबलं तरी ते पुसले जातील. नावं सुचायला लागली. मला काय, नावं सुचतातच. त्या काळाला शोभतील अशी, मुलाच्या नावाशी जुळतील अशी दहा-बारा नावं ओळीने येऊन उभी राहिली. एक तर इतकं खरं वाटलं की अंगावर काटा आला. सुनंदाला सांगितलं असतं तर तिला आईकडून ऐकल्याचं आठवलं असतं.

बोटं कळफलकावर होती. मी ती उचलली आणि मांडीवर ठेवली. मग काहीही न बदलता फाइल बंद केली.